रेतीचे पोते: कशात भरावे, किती भरावे

रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीला गावोगावी अजूनही ग्रुप डी असेच म्हणतात. तिची लेखी परीक्षा पार केलेल्या पुरुष उमेदवाराला ३५ किलो वजन घेऊन १०० मीटर अंतर २ मिनिटांत कापावे लागते. वजन मध्येच खाली टेकवायचे नाही, आणि संधी एकच. महिलांसाठी वजन २० किलो. अंतर आणि वेळ तेवढेच. शिवाय धावणे असतेच: पुरुषांना १००० मीटर ४ मिनिटे १५ सेकंदांत, महिलांना ५ मिनिटे ४० सेकंदांत. पोलीस भरतीचा ७.२६ किलोचा गोळा दुकानात मिळतो. ३५ किलोचे पोते मात्र ज्याचे त्याने तयार करावे लागते.

तिथूनच प्रश्नांना सुरुवात होते. पोते कशाचे घ्यायचे, त्यात रेती भरायची की आणखी काही, गच्च भरायचे की सैल, आणि ३५ किलोवर थांबायचे की पुढे जायचे? शहरातल्या जिममध्ये ‘सँडबॅग ट्रेनिंग’ या नावाखाली हीच चर्चा चालते. वाशिमसारख्या जिल्ह्यात तिला आणखी एक पदर आहे, कारण इथे पोते उचलणे हा आधी रोजगार आहे आणि व्यायाम नंतर.

पोत्यांचा जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत हंगामाचा माल बारदान्यात भरून बाजार समितीत येतो. पोत्याशी इथले नाते त्याहूनही जुने आहे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, आणि या समाजाची लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मिठाच्या गोण्या लादून केलेली देशभरची वाहतूक. रेल्वे आणि सडका आल्या तशी ती मागे पडली.

बाजारातले पोते एके काळी १०० किलोचे असे. ते ५० किलोवर आणावे यासाठी राज्यातल्या हमाल-माथाडी संघटनांना दीर्घ काळ झगडावे लागले. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव ही त्या चळवळीची ठळक नावे. माथाडी कामगारांचा कायदा १९६९ चा. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहून न्यायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली होती. जड पोते उचलण्याचे शरीरावर काय परिणाम होतात, याचा पहिला गंभीर विचार व्यायामशास्त्राने नव्हे, तर कामगार चळवळीने केला, हे नव्या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही.

बाजारातल्या कामाची रीतही बघण्यासारखी असते. हमाल भरलेले पोते जमिनीवरून एकटा उचलून पाठीवर घेत नाही. दोघे जण दोन्ही टोके धरून ते वर देतात, तिसरा किंचित वाकून ते पाठीच्या वरच्या भागावर झेलतो आणि छोट्या, झपाझप पावलांनी थप्पीकडे निघतो. सगळ्यांत धोक्याचा टप्पा जमिनीपासून कमरेपर्यंतचा. तो दोघांत वाटला जातो. घरी रेतीचे पोते घेऊन व्यायाम करणारा मात्र नेमका तोच टप्पा एकट्याने करायला जातो. हा फरक नीट समजला, तर पुढचे निम्मे वाद सोपे होतात.

तालमीपासून हायरॉक्सपर्यंत

मराठी तालमीला वजन नवे नाही. दगडी नाल, मुद्गल, गदा, गळ्यात अडकवायचे दगडी कडे आणि फावड्याने हौदा खणणे ही सगळी ताकदीची साधने. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या परंपरेला संस्थेचे रूप दिले. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढून ती ग्रंथबद्ध केली. तालमीतल्या साधनांना बहुतेक मूठ, दांडा किंवा ठरलेली पकड असते. धरायला काहीच नसलेले, ढिले पोते या घरात पाहुणाच. सीमेपलीकडे चित्र वेगळे दिसते. विजापूर, बागलकोट, बेळगाव या पट्ट्यातल्या जत्रांत दगडी गुंड्यांबरोबर वाळूची पोती उचलण्याच्या स्पर्धाही होतात.

परदेशात या साधनाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती अलीकडे. अमेरिकेतल्या ब्रुक्स क्युबिक यांच्या १९९६ च्या ‘डायनासोर ट्रेनिंग’ या पुस्तकाने चकचकीत यंत्रांऐवजी पिंपे, जाड दांडे आणि वाळूच्या पिशव्या उचलण्याचा पुरस्कार केला. पुढे इव्हान इव्हानोव या कुस्ती प्रशिक्षकाने मल्लांसाठी चंद्रकोरीच्या आकाराची, मुठी असलेली ‘बल्गेरियन बॅग’ तयार केली. ताकदीच्या जागतिक स्पर्धांत दगडी गोळ्यांच्या जोडीला वाळूची पोती आली. हायरॉक्स ही धावणे आणि ताकद यांची मिश्र स्पर्धा मे २०२५ मध्ये मुंबईत झाली. तिच्या आठ कसोट्यांपैकी एकीत खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस करत जायचे असते. खुल्या गटात पुरुषांना २० किलो, महिलांना १०. रेल्वेचे ३५ किलो याच्या पावणेदोन पट होतात, पण तिथे नुसते चालायचे असते.

बारबेल की पोते

पहिला मोठा मतभेद इथे आहे. बारबेलवाल्यांचे म्हणणे साधे आहे: ताकद वाढवायची तर वजन मोजून, थोडे थोडे वाढवले पाहिजे. लोखंडी दांड्याला दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा किलोच्या चकत्या लावल्या की बरोबर अडीच किलो वाढतात. पोत्याचे वजन असे हुकमी वाढत नाही. शिवाय ते हातात डगमगत असल्यामुळे शरीराला पूर्ण जोर लावता येत नाही. या मुद्द्याला संशोधनाचा आधार आहे. बेम आणि अँडरसन यांच्या २००६ च्या आढाव्यानुसार अस्थिर अवस्थेत व्यायाम करताना स्नायूंनी लावलेले बल कमी होते. धडाच्या स्नायूंची सक्रियता मात्र बरीच टिकून राहते.

पोतेवाले याच वाक्याचा उत्तरार्ध उचलतात. शेतात, आखाड्यात, आगीत अडकलेल्या माणसाला बाहेर काढताना वजन कधीच सरळ दांड्यावर टांगलेले नसते. पोते छातीशी कवटाळावे लागते, बोटांऐवजी अख्खे हात आणि छाती पकड घेतात, आणि ओझे पुढे असल्यामुळे पाठीच्या वरच्या भागाला सतत काम पडते. वजन जागा बदलते तसे शरीर सावरायला शिकते. त्यांचा आणखी एक मुद्दा पैशाचा आहे, आणि ग्रामीण भागात तो शेवटचा ठरत नाही.

दोन्ही बाजूंचे खरे आहे, कारण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. जास्तीत जास्त ताकद हे ध्येय असेल तर बारबेलला तोड नाही. ज्याला पोतेच उचलून दाखवायचे आहे, त्याने पोत्यावरच सराव करावा. शरीर ज्याचा सराव करते त्यातच अधिक तरबेज होते, हे व्यायामशास्त्रातले जुने आणि पक्के तत्त्व आहे.

मापाचे गणित

पोते निवडताना सर्वांत मोठी चूक होते ती धान्याच्या सवयीमुळे. सोयाबीन एका लिटरला साधारण पाऊण किलो भरते, तर कोरडी रेती सुमारे १.६ किलो. म्हणजे ५० किलो सोयाबीनला जवळपास ६७ लिटर जागा लागते, आणि तेच पोते रेतीने भरले तर ते १०० किलोच्या वर जाते. घरातल्या रिकाम्या पोत्यात ‘अर्धेच’ म्हणून रेती भरणारा नकळत पन्नाशी ओलांडतो. उलट त्यात मोजून ३५ किलो रेती टाकली, तर ती जेमतेम २२ लिटर होते. पोत्याच्या तळाशी तिचा गोळा बसतो आणि वरचे दोन तृतीयांश कापड लोंबत राहते. असे पोते कवटाळता येत नाही; माणूस वरच्या कापडाला लटकतो आणि बोटे आधी हार मानतात.

म्हणून आधी वजन ठरवावे, मग त्याला जोगे पोते शोधावे. सिमेंटचे रिकामे पोते या हिशेबात चांगले बसते. ५० किलो सिमेंटला साधारण ३५ लिटर जागा लागते. त्यात ३५ किलो रेती भरली तर पोते दोन तृतीयांशाला थोडे कमी भरते. पकडायला मऊ, पण लोंबत नाही असा हा भराव. ५० किलो रेतीला ते जवळजवळ काठोकाठ होते. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले असले तरी युरिया हलका, त्यामुळे ते साधारण ६० लिटरचे असते आणि रेतीसाठी मोठेच पडते. त्यातच युरियाचे दाणे शिवणीत राहिले तर हवेतला ओलावा ओढून घेतात.

सिमेंटच्या पोत्याची दोन्ही तोंडे बंद असतात. सिमेंट कोपऱ्यातल्या झडपेतून भरलेले असते. एक तोंड कापावे, पोते उलटे करून झटकावे, धुवावे आणि कडकडीत वाळवावे. सिमेंटची भुकटी घामाच्या अंगाला आणि डोळ्यांना चुरचुरते, त्यामुळे धुण्यात कुचराई नको. मग आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तीत रेती भरावी, हवा दाबून काढावी आणि पिशवीचे तोंड पीळ देऊन सुतळीने आवळावे. तो पीळ उलटा दुमडून पुन्हा एकदा आवळला की रेती सहसा बाहेर येत नाही. बाहेरचे तोंड दोन पदरी दुमडून दाभणाने शिवावे.

गच्च की सैल, हा मतभेद इथे येतो. गच्च भरलेले पोते दगडासारखे वागते: उचलायला कठीण, पण एकदा छातीशी आले की हलत नाही. सैल पोते मधून वाकते, रेती दोन्ही टोकांना पळते आणि दर वेळी पकड नव्याने घ्यावी लागते. ताकदीच्या स्पर्धांची तयारी करणारे पहिल्याच्या बाजूचे, कुस्तीवाले बहुधा दुसऱ्याच्या. नवख्याने पाऊण भरलेल्या पोत्यापासून सुरुवात करावी, असा मधला मार्ग बरेच प्रशिक्षक सुचवतात, आणि तो शहाणपणाचा आहे.

रेती, क्रश सँड, कुटार

भरायचे काय? विदर्भात ज्याला रेती म्हणतात ती नदीची वाळू पहिली पसंती. वाशिमचा खडक बेसॉल्टचा, त्यामुळे पैनगंगेसारख्या नद्यांची रेती काळपट. बांधकामावर नावाजली जाणारी कन्हानची रेती स्फटिकयुक्त आणि उजळ. पोत्याच्या कामाला दोन्ही चालतात. स्फटिकयुक्त रेतीची बारीक धूळ सतत फुप्फुसात जाणे घातक असते, म्हणून भरताना नाकाला रुमाल बांधावा आणि काम उघड्यावर करावे.

एका ब्रासमध्ये म्हणजे १०० घनफुटांत अशी ५० किलोची सुमारे ९० पोती निघतील. तेव्हा एका पोत्यासाठी कोणी नदीत उतरण्याचे कारण नाही. रेती गौण खनिज आहे आणि परवान्याशिवाय उपसणे गुन्हा. कुठल्याही बांधकामावर मालकाला विचारून दोन-तीन घमेली मिळतात.

दगड फोडून केलेली क्रश सँड आता सर्वत्र मिळते. भारतीय मानकानुसार तिच्यात ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण १५ टक्क्यांपर्यंत चालतात, नदीच्या वाळूत फक्त ३ टक्के. काँक्रीटला हे चालते, पण पोत्याच्या विणीतून हीच भुकटी प्रत्येक आपटीला बाहेर पडते. धुतलेली क्रश सँड घ्यावी किंवा आतली पिशवी दुहेरी करावी. बारीक गिट्टी भरली तर भुकटीचा त्रास नाही, पण तिचे कोने कापडाला आतून कुरतडतात. काळी माती तर टाळावीच. ओलाव्याने फुगते, वाळली की तिची ढेकळे होतात, आणि पोते कधी लवचिक तर कधी दगड.

हलके पण आकाराने मोठे पोते हवे असेल तर सोयाबीनचे कुटार, म्हणजे भुसा, आणि रेती यांचे मिश्रण करण्याची कल्पना काही जण लढवतात. दोन-चार दिवस ते चांगले वाटते. मग रेती गाळून तळाला जाते, कुटार वर राहते आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. दोन्ही वेगवेगळ्या लहान पिशव्यांत भरून एका पोत्यात घातले तर हा दोष टळतो. याच युक्तीने वजन वाढवण्याचीही सोय होते: ५-५ किलोच्या सात पिशव्या म्हणजे ३५ किलो, आठवी घातली की ४०. बारबेलवाल्यांच्या आक्षेपाला पोतेवाल्यांनी दिलेले हे सर्वांत चांगले उत्तर म्हणावे लागेल.

रेती कोरडीच हवी. थोडी ओलसर रेती फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असला की तिचे आकारमान २० ते ३० टक्क्यांनी वाढते. घमेल्याच्या मापाने भरणारा इथे फसतो, कारण त्याच घमेल्यात कमी वजन बसते. ताडपत्रीवर पसरून उन्हात वाळवावी, चाळावी आणि भरलेले पोते भुसार दुकानातल्या काट्यावर ठेवावे. अंदाजाचे ‘पस्तीस किलो’ मैदानावर उपयोगाचे नाही.

पोते तागाचे की प्लॅस्टिकचे, हा वाद तुलनेने छोटा आहे. तागाला पकड चांगली, पण तो ओल्याने कुजतो आणि मानेची, दंडाची कातडी सोलतो. प्लॅस्टिकच्या विणीचे पोते स्वस्त, मात्र घामाने निसटते आणि उन्हात पडून राहिले की काही महिन्यांत कडकडून फाटते. टिकाऊ उपाय म्हणजे ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची नळी शिवून घेणे. २५ सेंटिमीटर व्यासाची, ६० सेंटिमीटर लांब नळी साधारण २९ लिटरची होते. ३५ किलोला ती पाऊण भरते. तिला मुठी लावू नयेत, असे कडवे पोतेवाले सांगतात. सुरुवातीला लावाव्यात, नंतर वापरू नयेत, असे इतरांचे मत.

किती जड

रेल्वेची कसोटी आकड्यांत पाहिली की तिचे स्वरूप कळते. १०० मीटर २ मिनिटांत म्हणजे ताशी ३ किलोमीटर, रमतगमत चालण्याचा वेग. तिथे उमेदवार हरला तर तो वेगात नव्हे, पकड सुटल्यामुळे. याउलट संरक्षण खात्याच्या फायरमन भरतीत ६३.५ किलोचा माणूस खांद्यावर घेऊन १८३ मीटर अंतर ९६ सेकंदांत कापायचे असते. हे विचित्र आकडे म्हणजे जुने १० स्टोन आणि २०० यार्ड. वेग ताशी जवळपास ७ किलोमीटर, म्हणजे ओझ्यासह पळणेच. पहिल्या परीक्षेला ३५ ते ४० किलोचे पोते आणि भरपूर चालणे पुरते. दुसरीसाठी पाय आणि छातीचा दम वेगळा कमवावा लागतो.

सुरक्षित मर्यादेबद्दल मात्र एकमत नाही. अमेरिकेच्या ‘निऑश’ या संस्थेचे सूत्र आदर्श परिस्थितीतही रोजच्या कामातल्या उचलण्यासाठी २३ किलोपासून सुरू होते, आणि मधून लोंबणाऱ्या पिशवीची पकड ‘वाईट’ धरून ते आणखी १० टक्के कापते. व्यायामवाले म्हणतात, हे दिवसभर राबणाऱ्या कामगाराचे माप. आठवड्यातून दोनदा, विश्रांती घेऊन उचलणाऱ्याला ते लावू नये. आक्षेप योग्य आहे, पण सूत्रातला इशारा खोटा ठरत नाही: पोते अंगापासून जितके दूर, तितका कमरेवरचा ताण जास्त. म्हणून ते दोन पायांच्या मध्ये घ्यावे, आधी मांडीवर आणावे, मग छातीशी, मग खांद्यावर. आणि खांदा दर फेरीला बदलावा.

अजून न सुटलेले

सगळ्यांत अवघड प्रश्न पहिल्या वळणावरचाच आहे. दिवसभर पोती वाहणाऱ्याला त्याचा आरोग्यलाभ का मिळत नाही? २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या कोनेन आणि सहकाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणात शारीरिक कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी जास्त दिसला. फावल्या वेळच्या व्यायामाचा परिणाम याच्या उलट असतो. २०२१ मध्ये नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासाने शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान यांचा हिशेब धरल्यावर वेगळेच दाखवले: कष्टाचे काम करणारे पुरुष उलट अधिक जगले. दोष ओझ्याचा, विश्रांती नसण्याचा, की गरिबीचा, यावर वाद चालू आहे. हे अभ्यास मुख्यतः युरोपीय लोकसंख्येवर बेतलेले आहेत; बाजार समितीतल्या हमालाचे ऊन, आहार आणि हंगामी काम त्यांत नाही.

दुसरा अनिर्णित मुद्दा महिलांच्या पोत्याचा. २० किलो रेती म्हणजे साडेबारा लिटर. पुरुषांच्या पोत्यात ती टाकून सराव केला की लोंबते कापडच हाती येते, आणि दोष मुलीच्या ताकदीला दिला जातो. तिला साधारण १७ लिटरचे वेगळे, लहान पोते लागते.

तिसरा मुद्दा भरती मंडळांच्या हातातला आहे. जाहिरातीत वजन, अंतर आणि वेळ छापलेले असते. पोत्याची लांबी-रुंदी, कापड आणि भराव नसतो. एकच ३५ किलो वजन गच्च गोळ्यात वेगळे लागते आणि लांबट सैल पोत्यात वेगळे. गोळाफेकीच्या गोळ्याला व्यास ठरलेला असतो, तसे पोत्याचे मापही प्रवेशपत्राबरोबर छापावे. ते होईपर्यंत उमेदवाराने एकाच वजनाची दोन पोती करावीत, एक गच्च आणि एक सैल, आणि दोन्हींवर आलटून पालटून सराव करावा.